रोजगार हमी विसापूरची आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातला ग्रामीण रोजगारावरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे, पण सुरुवातच 2005 पासून केली आहे. संसदेने रोजगार हमीचा कायदा केला आणि खेड्यातल्या माणसाला कामाचा हक्क मिळाला, असे त्यात म्हटले आहे. ‘काही राज्यांत अशा योजना आधीही होत्या’ एवढ्या एका ओळीत महाराष्ट्र उरकला आहे. मी खानापूर तालुक्यातला निवृत्त हजेरी सहायक. उमेदीची सगळी वर्षे रोजगार हमीच्या कामांवर मस्टर, म्हणजे हजेरीपट, भरण्यात गेली. ती ओळ वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे लांबलचक पत्र लिहितो आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचे कापा, रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या पागेसाहेबांविषयीचे राहू द्या.

वि. स. पागे म्हणजे विठ्ठल सखाराम पागे. जन्म 21 जुलै 1910 चा, बागणीचा. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. शिक्षणाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, गांधीविचाराचे आणि संतवाङ्मयात रमणारे गृहस्थ. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत त्या आसनावर राहिले. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतदादांपर्यंत मुख्यमंत्री बदलत गेले, सभापती तेच होते. आज आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरांना विचारले तर दहांतल्या एकालाही हे नाव सांगता येणार नाही. वसंतदादा माहीत, राजारामबापू माहीत, आर. आर. आबा माहीत. पागे कोण, असे विचारतात.

सभापती मुंबईत असले तरी त्यांची शेती तासगाव तालुक्यात विसापूरला होती. आता तासगाव म्हटले की द्राक्षे आणि बेदाणा डोळ्यांपुढे येतो. पण साठच्या दशकातले तासगावच्या पूर्वेकडचे रान, आमचे खानापूर, पलीकडचे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा जिरायत. त्याच जिल्ह्यात शिराळ्याला भात घेतात आणि इकडे आभाळाकडे बघत बसावे लागे. ज्वारी-बाजरी झाली तर झाली. सुगी संपली की पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नाही. आमच्या भागातले पुरुष गलाईला बाहेर पडले ते याच कारणाने. सोने-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर देशातल्या कुठल्या कुठल्या शहरांत आमची माणसे गेली, तिथलीच झाली. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावात उरल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरेटोरे. पुढे रोजगार हमीच्या कामावर बायकाच जास्त का असत, याचे कारण लेखक मंडळी निरनिराळे देतात. आमच्याकडचे कारण हे आहे.

पागेसाहेबांचा विचार या रानातून सुरू झाला. शेती बघणाऱ्या आपल्या पत्नीला त्यांनी एकदा विचारले, सरकारने सातशे रुपये दिले तर आपल्या रानात किती माणसांना किती दिवस उपयोगाचे काम देता येईल? पत्नीने माणसे आणि दिवस यांचा हिशेब करून सांगितला. त्या हिशेबाच्या आधारावर सभापतींनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे योजना मांडली. मला या हकिकतीचे मोल फार वाटते. राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचा सभापती हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीला विचारू शकला असता. त्यांनी तो रोज मजूर लावणाऱ्या, कुणाच्या घरी चूल पेटत नाही हे ठाऊक असलेल्या बाईला विचारला. आणि प्रश्नात दोन गोष्टी एकत्र विचारल्या: किती माणसांना काम मिळेल, आणि त्या कामातून रानाला काय मिळेल. पुढची सगळी योजना या दोन पायांवर उभी राहिली. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते ही कामे त्यातूनच निघाली. रोजगार हमी म्हणजे खड्डे काढा आणि खड्डे भरा, अशी टिंगल करणाऱ्यांनी हा पहिला प्रश्न वाचलेला नसतो.

1969 साली तासगाव तालुक्यातल्या 11 गावांत ही योजना करून पाहिली. लोक तिला ‘पागे योजना’च म्हणत. 1972 साली महाराष्ट्रदिनी सरकारने ती राज्यासाठी स्वीकारली. आणि लगेच तो दुष्काळ आला.

मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आई खडी फोडायला जायची. बसायला गोणपाट, पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, हातात हातोडा. दुपारी आम्हा पोरांना सुकडी मिळायची. घरी तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी, ती थापताना मोडायची. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. एवढी माणसे सरकारने जगवली, हे मोठेच काम झाले आणि त्याबद्दल मी कुणाचेही श्रेय नाकारणार नाही. पण दुष्काळी काम वेगळे आणि रोजगार हमी वेगळी. दुष्काळी काम कलेक्टरने आणेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज, बघून सुरू करायचे आणि पाऊस पडला की बंद करायचे. मजुराने हात जोडून उभे राहायचे. पागेसाहेबांच्या योजनेत मजूर मागणी करतो आणि तिथून सरकारवर दिवस मोजायला लागतात. पावसाळा असो, दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो.

आता मुख्य गोष्ट. योजना अनेक निघतात. मंत्री बदलला की नाव बदलते, खाते बदलले की पैसे बंद होतात. रोजगार हमी टिकली, कारण तिच्यामागे कायदा उभा केला गेला आणि कायद्यामागे पैसा. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या, व्यापाऱ्याच्या, वकील-डॉक्टरांच्या कमाईतून हा कर घ्यायचा, तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा आणि सरकारने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची, अशी रचना केली. आज मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची कपात दिसते. ती कशासाठी सुरू झाली, हे त्याला कुणी सांगत नाही. आम्ही हजेरी सहायक नोकरीत कायम होण्यासाठी पुष्कळ झगडलो. ते झाल्यावर माझ्याही पगारातून ती कपात सुरू झाली तेव्हा मी ते कागद घरी आणून आईला दाखवले. शहराने गावच्या मजुरीसाठी कर द्यायचा, ही गोष्ट आज कुणा पुढाऱ्याने बोलून दाखवावी! तेव्हाच्या आमदारांनी ती कायद्यात लिहिली.

मग 1977 साली रोजगार हमीचे विधेयक आले. विधानसभा आणि विधान परिषद, दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केले. सत्ताधारी आणि विरोधक एका बाजूला. त्या वेळचे विरोधक म्हणजे शेतकरी कामगार पक्षाची, समाजवादी विचाराची, कम्युनिस्ट पक्षांची मंडळी. गावोगाव मोर्चे काढून कामाची मागणी करणारी. त्यांच्या रेट्याशिवाय हा कायदा झाला नसता. राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. म्हणजे कल्पनेला मान दिला वसंतराव नाईकांनी, कर आला शंकरराव चव्हाणांच्या काळात, विधेयक मंजूर झाले वसंतदादांच्या काळात आणि अंमल सुरू झाला तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार. यांतले सगळे काही एकमेकांचे मित्र म्हणून ओळखले जात नव्हते. तरी एकाने आणलेले दुसऱ्याने पुढे नेले.

विधान परिषदेत ते विधेयक आले तेव्हा सभापतींच्या आसनावर कोण होते? पागेसाहेब. सभापतीला चर्चेत बोलता येत नाही. समसमान मते पडली तरच त्याला मत देता येते, आणि इथे तर एकमत. आपल्या रानात सुचलेली गोष्ट राज्याचा कायदा होत असताना त्या माणसाने फक्त सदस्यांची नावे पुकारायची, वेळ सांभाळायची आणि शेवटी मत घेऊन निकाल जाहीर करायचा. मी कधी विधान भवनात गेलेलो नाही. पण तो प्रसंग मी पुष्कळदा मनात आणतो. लोकप्रतिनिधी म्हणून एखाद्याचे आयुष्य सार्थकी लागणे यापेक्षा वेगळे काय असू शकते, मला ठाऊक नाही.

कायद्यात काय होते ते आपल्या तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर सरकारने ते 15 दिवसांत दिले पाहिजे. दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तेव्हा तो दिवसाला निदान एक रुपया होता. मजुरी कामाच्या मोजमापावर, बाई आणि पुरुष यांना एकच दर. कामावर प्यायचे पाणी, सावली, औषधाची पेटी आणि तान्ह्या मुलांना सांभाळायची सोय. वर्षाला अमुक इतकेच दिवस, अशी मर्यादा नव्हती. दिल्लीचा 2005 चा कायदा घराला वर्षातून 100 दिवसांची हमी देत आला. आमचा कायदा घराला नव्हे, माणसाला हमी देत होता. दिल्लीने आमच्याकडून 15 दिवसांची अट घेतली, बेकारी भत्ता घेतला, पाळणाघर घेतले. घेतले याचा आनंदच आहे. सगळ्या देशाला मिळाले. फक्त कुणाचे घेतले हे लेखात यायला हवे होते.

आता कामावरचे सांगतो, कारण कायदा बाहेर कसा दिसतो ते मी पाहिले आहे.

नालाबांधाच्या कामावर सकाळी आठाच्या आत मी मस्टर घेऊन हजर असायचो. टिकाव-खोरे पुरुषांच्या हातात, पाटी बायकांच्या डोक्यावर, खाली चुंबळ. बांधाच्या मधे काळी माती घालायची, दोन्ही अंगांना मुरूम, थरावर थर, पाणी मारून धुम्मसाने चोपायचे, आणि शेवटी पाण्याच्या बाजूला दगडाचे पिचिंग. माती जिथून काढायची तिथे चौकोनी खड्डे पाडायचे आणि प्रत्येक खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, म्हणजे मोजमापाला आलेल्या साहेबाला मूळ जमीन कुठवर होती ते कळते. मोजमाप टोळीचे व्हायचे. टोळीने किती माती काढली त्याचे पैसे काढायचे आणि ते हजेरीप्रमाणे वाटायचे. त्यामुळे तरुण गडी आपल्या टोळीत म्हातारी माणसे घ्यायला कुरकुरायचे. यावर आमच्या एका कामावर बायकांनीच तोड काढली. प्रत्येक टोळीने दोन म्हाताऱ्या घ्यायच्या, त्यांच्यातली एक पाणी वाटील आणि दुसरी पोरे राखील, दोघींची हजेरी पूर्ण लागेल. पाणी वाटणे आणि पोरे राखणे ही कामे कायद्यातच होती, म्हणून मला ते मस्टरवर लिहिता आले. वरिष्ठांनी विचारले तेव्हा मी परिपत्रक पुढे ठेवले.

त्या कामावर एक विधवा बाई यायची. वय तिशीचे असेल. रेशनकार्डावर तिचे नाव सासऱ्याच्या खाली, सातबारावर नावच नाही, गावात तिला अमक्याची सून म्हणूनच ओळखत. मस्टरवर तिची स्वतंत्र ओळ होती. पहिल्या वाटपाच्या दिवशी तिचा सासरा पैसे घ्यायला आला. मी म्हणालो, ज्याच्या नावापुढे हजेरी आहे त्याच्याच हातात पैसे देतो, कायदा तसा आहे. तो तणतणला, दुसऱ्या दिवशी गावच्या कारभाऱ्याला घेऊन आला. मीही घाबरलो होतो, कारण राहायचे त्याच भागात होते. पण मस्टर उघडून दाखवले आणि अंगठा तिचाच घेतला. पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते मोजले नाहीत, पदराला गाठ मारली आणि कामाला लागली. पुढच्या आठवड्यापासून ती वाटपाच्या वेळी मला म्हणायची, दादा, माझी ओळ वाच. मी वाचायचो, नाव, सहा दिवसांची हजेरी, रक्कम. त्या बाईने पुढे मुलाला बारावीपर्यंत शिकवले. तो आता गलाईच्या धंद्यात परमुलखात आहे, आणि दिवाळीला गावी आला की भेटून जातो. एका विधिमंडळ सदस्याने मुंबईत बसून केलेले काम माझ्या डोळ्यांना असे दिसले. पागेसाहेबांना ती बाई कधी भेटली नाही.

योजनेत घाण शिरली नाही, असे मी म्हणणार नाही. मस्टरवर न आलेल्या माणसांची नावे चढवायला सांगणारे होते, मोजमाप फुगवणारे होते, मजुरी महिना-महिना अडवणारे होते. बांध अर्धवट सोडून पुढचे काम काढणारे होते; दोन पावसाळ्यांत असा बांध वाहून जातो आणि लोक म्हणतात, रोजगार हमीचे काम ते तसलेच. निधीत पैसा शिल्लक राहायचा आणि तालुक्याला मात्र काम मागणाऱ्यांना ‘मंजूर काम नाही’ असे सांगून परत पाठवायचे. एकदा अशा परत पाठवलेल्या बायका दुसऱ्या दिवशी यादी करूनच आल्या. पन्नासच्या वर नावे, प्रत्येकीचा अंगठा. पोच द्या म्हणाल्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तेव्हा त्या कचेरीच्या ओट्यावर बसून राहिल्या, भाकरी बांधूनच आणली होती. संध्याकाळी शिक्का मारून, तारीख घालून पोच मिळाली. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत पाझर तलावाचे काम निघाले. तारीख घातलेला तो कागद नसता तर काही झाले नसते. कायदा करणाऱ्याने 15 दिवसांचा आकडा लिहून ठेवला, त्याचे एवढे वजन.

1990 साली पागेसाहेब गेले. त्याच वर्षी रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना सुरू झाली. कोरडवाहू रानात खड्डे, रोपे, कुंपण, पाणी घालण्याची मजुरी, याला हमीतून पैसे, तेही शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात. आमच्याकडे डाळिंब वाढले त्यात या योजनेचा वाटा आहे. आटपाडीचे डाळिंब आज कुठवर जाते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या रानात किती माणसांना काम देता येईल आणि रानाला काय मिळेल, हा मूळ प्रश्न तिथे पुन्हा दिसतो. ते बघायला पागेसाहेब हवे होते, असे फार वाटते.

आता हे सगळे आज का लिहितो, ते सांगतो. निवडणूक आली की आमच्या गावात फलक लागतात. अमक्या आमदारांच्या प्रयत्नांतून इतक्या लाखांचा सभामंडप, तितक्या लाखांचे गटार, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची भिंत. वर्तमानपत्रेही परिचय छापताना ‘मतदारसंघात इतक्या कोटींचा निधी आणला’ असेच छापतात. रस्ता-गटार व्हायला पाहिजे, त्याला ना नाही. पण त्यासाठी ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषद आहे, त्यांचे सदस्य आपण वेगळे निवडून देतो. आमदाराला आपण जिथे पाठवतो त्या जागेचे नावच विधिमंडळ आहे. तिथे कायदे होतात. एखादे विधेयक आले तेव्हा आमचा आमदार सभागृहात होता का, बोलला का, एखादी दुरुस्ती सुचवली का, हे आम्हाला कुणी सांगत नाही. विधेयके गोंधळात मंजूर होतात, बातमीत एवढेच येते. पागेसाहेबांच्या नावाने आमच्या तालुक्यात मी एकही फलक पाहिलेला नाही, आणि त्यांनी केलेल्या कायद्यातून झालेले बांध, तलाव, रस्ते मात्र प्रत्येक शिवारात आहेत. माझ्या गावच्या पोरांना आमदार म्हणजे गटाराचा नारळ फोडणारा माणूस, एवढेच ठाऊक आहे. एवढ्या कमी अपेक्षेवर त्यांनी मत द्यावे, याचे मला वाईट वाटते.

कुणी म्हणेल, ते दिवस गेले, तशी माणसे आता नाहीत. मला हे पटत नाही. विधान परिषदेवर तेव्हाही टीका व्हायची. मागल्या दाराने येणाऱ्यांची जागा म्हणायचे. त्याच सभागृहात ग. प्र. प्रधान, एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे अभ्यास करून बोलत होती. विचारणारे असले की बोलणारे तयार होतात. आणि विचारायचे काम वर्तमानपत्रांनी केले पाहिजे, हे मी आपणास हक्काने सांगतो, कारण कामावर असताना दुपारच्या सुट्टीत मी आपले वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो आणि बायामाणसे ऐकत बसायची. त्यांना तासगावचे, विट्याचे काही आले की फार बरे वाटायचे.

तर माझ्या आपणाकडे तीन मागण्या आहेत. एक, त्या लेखाला जोड म्हणून 1969 ते 1979 हा दहा वर्षांचा इतिहास छापावा. दोन, येत्या निवडणुकीत आमदारकीच्या उमेदवारांचे परिचय छापाल तेव्हा जे आधी आमदार राहिले आहेत त्यांच्यापुरती एक चौकट वाढवा: सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, बोललेली विधेयके, सुचवलेल्या दुरुस्त्या. हे सगळे विधिमंडळाच्या कामकाजात नोंदवलेले असते, काढणाऱ्याला सापडते. हजेरी घेण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी एवढे सांगतो, की ज्याची हजेरी घेतली जाते तो वेळेवर येतो. तीन, विसापूर आणि आसपासच्या गावांत बातमीदार पाठवा. पहिल्या त्या 11 गावांत कामावर गेलेली जी माणसे हयात असतील ती आता पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेली असणार. पहिल्या दिवशी काय काम काढले, मजुरी किती मिळाली, पागेसाहेब स्वतः बघायला यायचे का, हे त्यांनाच विचारता येईल आणि आणखी चार-पाच वर्षांनी तेही विचारता येणार नाही. खानापूर-आटपाडीच्या बाजूची, नंतरच्या कामांवरची माणसे मला माहीत आहेत. बातमीदार आले तर मी त्यांच्याबरोबर गावोगाव यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त हजेरी सहायक
ता. खानापूर, जि. सांगली